अनाब-ए-शाही : हैदराबादच्या मांडवावरील राजद्राक्ष

बेगम बाजारातील सुक्या मेव्याच्या दुकानांवरून नुसता फेरफटका मारला तरी द्राक्षाचा अर्धा भूगोल डोळ्यांपुढून जातो. सांगली-तासगावचा हिरवट-सोनेरी बेदाणा, काळी मनुका, बी असलेला मोठा अफगाणी मुनक्का अशी पोतीच्या पोती ओळीने मांडलेली असतात. निजाम अली खान, म्हणजे दुसरे असफ जाह, यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर हा बाजार वसला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. दोन शतके उलटून गेली, तरी घाऊक व्यापारातील त्याचा दबदबा कायम आहे. मात्र या बाजाराच्या पोत्यांत एक द्राक्ष कधीच आले नाही. ते या शहराचे स्वतःचे द्राक्ष होते. त्याचे नाव अनाब-ए-शाही.

अरबीत ‘इनब’ म्हणजे द्राक्ष. तेव्हा अनाब-ए-शाही म्हणजे राजद्राक्ष. आज पन्नाशी ओलांडलेल्या हैदराबादी मराठी माणसाला हे नाव उच्चारताच फेब्रुवारी-मार्चमधील हातगाड्या आठवतात. लांबट, टपोरे, पिकल्यावर अंबरासारखी पिवळसर झाक येणारे मणी, पातळ साल, भरपूर रस आणि आत दोन-तीन बिया. आजच्या तिशीतल्या तरुण डॉक्टरांना मात्र हे नाव सांगितले, तर एखाद्या उपाहारगृहाचे असावे असे वाटते. एका पिढीच्या अंतराने एखादे फळ शहराच्या स्मृतीतून कसे निघून जाते आणि ते जाऊ द्यावे का, हा या लेखाचा विषय आहे.

दौलताबाद ते हैदराबाद

दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात मुहंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस हलविली. त्याच शतकात येथे आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांचा आणि डाळिंबांचा उल्लेख केला असून ती वर्षातून दोनदा येतात असे नोंदविले आहे. थंड मुलखात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होते. आपल्याकडे तिला झोपच नाही. ती बारमाही हिरवी राहते. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते आणि ऑक्टोबरमधील गोड छाटणीने घड येतो. दोन छाटण्या आणि एक पीक ही दख्खनची पद्धत युरोपातील बागाईतदाराला आजही नवलाची वाटते.

दौलताबाद आणि नाशिक परिसरात फकडी, हबशी, पंढरी साहेबी, भोकरी हे जुने वाण होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत औरंगाबाद आणि हैदराबाद एकाच राज्याची दोन शहरे होती. आपल्यापैकी अनेकांची घराणी त्याच वाटेने या शहरात आली. अनाब-ए-शाहीची कथा या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, खुद्द हैदराबादेत सुरू होते. १८९०च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी आपल्या बागेत ही वेल लावली. पुढे तिच्या काड्या एका बागेतून दुसऱ्या बागेत जात राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तर शहराभोवतालच्या लाल जमिनीवर दगडी खांबांचे आणि तारांचे मांडव उभे राहिले आणि बंगल्याच्या अंगणातील शौकाची वेल व्यापारी पीक झाली.

या वाणाने शेतकऱ्याला भरभरून दिले. हेक्टरी सरासरी पस्तीस टनांचे उत्पन्न देणारा हा वाण आहे. आज सर्वत्र दिसणाऱ्या थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाचे उत्पन्न वीस ते पंचवीस टन धरले जाते. शिवाय अनाब-ए-शाहीचा मणी मुळातच मोठा. थॉमसनचा मणी फुगविण्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवावे लागतात, तसे लाड याला लागत नाहीत. आंध्र-तेलंगणाबरोबरच कर्नाटक, पंजाब, हरियाणा इतक्या भिन्न हवामानांत तो रुजला, यावरून त्याचा काटकपणा लक्षात यावा.

एकच वेल, हजारो देह

आपण डॉक्टर मंडळी आनुवंशिकतेची भाषा जाणतो, म्हणून येथे थोडे थांबू. द्राक्षाची बी पेरली, तर आईसारखी वेल येत नाही. दर बीमधून नवाच वंश निपजतो. म्हणून बागाईतदार बी लावत नाही, काडी लावतो. याचा अर्थ असा की, मेडचलच्या शेतातील अनाब-ए-शाही, बंगळूरूच्या बागेतील अनाब-ए-शाही आणि बाकर खानांच्या अंगणातील ती पहिली वेल हा जनुकीयदृष्ट्या एकच जीव आहे. वाण म्हणजे माणसाच्या हातांनी जगवत ठेवलेली एकच व्यक्ती. शेवटची काडी तोडली गेली, की ती व्यक्ती कायमची मेली. बियांच्या पेढीतून तिला परत आणता येत नाही.

तिचा पांढरा रंगही जनुकांचीच कहाणी सांगतो. द्राक्षाची मूळ जात काळी. सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार करण्याची आज्ञा देणारी दोन शेजारी जनुके निकामी झाली आणि पांढरे द्राक्ष जन्मास आले. जगातील बहुतेक पांढऱ्या वाणांत हाच बिघाड आढळतो, म्हणजे त्यांचा मूळ पुरुष एकच असावा. आपण ज्याला उत्परिवर्तन म्हणून घाबरतो, त्याला बागाईतदाराने उचलून घेतले आणि हजारो वर्षे जपले. बिनबियांचे द्राक्षही असेच. थॉमसनमध्ये फलन होते, पण बीज अगदी कोवळ्या अवस्थेतच खुंटते. प्रसूतिशास्त्रातील आमच्या सहकाऱ्यांना याचे साम्य वेगळे सांगायला नको.

सगळ्या वेली जनुकांनी एकरूप असल्या, की रोगाला मैदान मोकळे मिळते. अनाब-ए-शाहीचे मर्मस्थान म्हणजे केवडा, ज्याला बागाईतदार डाऊनी म्हणतात. पावसाळी, दमट हवेत पानांवर तेलकट डाग पडतात, खाली पांढरी बुरशी धरते आणि कोवळा घड हातचा जातो. या वाणाची केवड्यापुढे फारच शरणागती आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, की फवारणीवर फवारणी करावी लागते आणि खर्चाचा आकडा चढत जातो.

उतरण

या वाणाच्या पीछेहाटीचे खापर केवड्याच्याच माथी फोडणे मात्र बरोबर नाही. १९८० नंतर गिऱ्हाइकाची जीभ बदलली. बी थुंकावी लागते ही एवढीशी गोष्ट बाजारात निर्णायक ठरली. महाराष्ट्रात थॉमसनच्या निवडीतून तासगावच्या परिसरात ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये नानासाहेब काळे यांच्या बागेत ‘सोनाका’ हे वाण पुढे आले. बिनबियांचे गोड द्राक्ष ट्रकने एका रात्रीत हैदराबादेत येऊ लागले. त्या द्राक्षात साखरेचे प्रमाण वीस-बावीस टक्क्यांपर्यंत जाते. अनाब-ए-शाहीच्या रसात ते चौदा ते सोळा टक्के. याच कारणाने त्याचा बेदाणाही होत नाही. चार किलो थॉमसनपासून साधारण एक किलो बेदाणा निघतो. कमी साखरेच्या, रसाळ आणि बी असलेल्या फळाचा असा हिशेब बसत नाही. म्हणून बेगम बाजाराच्या पोत्यांत त्याला जागा मिळाली नाही आणि त्याचे आयुष्य वर्षातील दोन-अडीच महिन्यांच्या ताज्या फळापुरतेच उरले. मोसमात भाव पडला, तर माल वाळवून ठेवावा ही थॉमसनवाल्याला असलेली सोय या बागाईतदाराला नव्हती.

शेवटचा घाव जमिनीच्या भावाने घातला. मेडचल, कोंपल्ली, शामीरपेठ हा एकेकाळचा द्राक्षपट्टा शहराच्या पोटात आला. २००८ साली शमशाबादचा विमानतळ सुरू झाला, शहराला वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता झाला आणि एकरी द्राक्षापेक्षा चौरस यार्डाचा हिशेब मोठा ठरला. ज्या शेतकऱ्याने मांडव उतरवून जमीन विकली, त्याला दोष देण्याचा अधिकार त्याच जमिनीवरील सदनिकांत राहणाऱ्या आपल्याला नाही. त्याचा निर्णय व्यवहाराला धरूनच होता. पण व्यक्तीचा शहाणा निर्णय हजारदा घडला, की त्याची बेरीज समाजाचे नुकसान होऊ शकते, हे लसीकरणाच्या संदर्भात आपण पालकांना नेहमी समजावून सांगतो. येथेही तेच घडले.

आल्प्समधील एक धडा

टाकून दिलेल्या वाणाचे मोल काय, याचे उत्तर आल्प्स पर्वताच्या परिसरात मिळते. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात हिंबर्चा नावाचे पांढरे द्राक्ष जवळजवळ नामशेष झाले होते. फिस्प गावच्या जोसेफ-मारी शांतोन या वाइन-उत्पादकाने जुन्या मळ्यांतून उरल्यासुरल्या वेली शोधून त्यांच्यापासून पुन्हा लागवड केली. इटलीच्या आओस्ता खोऱ्यात प्रिए ब्लाँ हे स्थानिक पांढरे द्राक्ष समुद्रसपाटीपासून हजार मीटरांच्या आसपासच्या उतारांवर आजही लावले जाते आणि त्या खोऱ्यातील लोक त्याला आपली ओळख मानतात.

सर्वांत बोलके उदाहरण ग्वे ब्लाँ या द्राक्षाचे. मध्ययुगात ते गरीब कुळांचे, हलक्या प्रतीचे द्राक्ष मानले जाई. काही ठिकाणी त्याच्या लागवडीवर बंदीही आली. १९९९ साली डीएनए-परीक्षणातून उघड झाले, की जगप्रसिद्ध शार्दोने हे पिनो आणि या तुच्छ ग्वेचे अपत्य आहे. जिला उंबरठ्याबाहेर ठेवले, तीच घराण्याची आई निघाली.

अनाब-ए-शाहीच्या बाबतीत तर असे परीक्षण करण्याचीही गरज नाही, कारण त्याची अपत्ये आपल्या डोळ्यांसमोर जन्मली आहेत. बंगळूरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने त्याचा थॉमसनशी संकर करून ‘अर्का श्वेता’ हा बिनबियांचा वाण काढला. क्वीन ऑफ व्हिनयार्ड्सशी संकर करून ‘अर्का कांचन’ आणि ‘अर्का सोमा’. बंगळूर ब्ल्यूशी संकर करून ‘अर्का हंस’. यांपैकी अर्का सोमा गोड पांढऱ्या वाइनसाठी उपयुक्त मानला जातो. ‘दिलखुश’ हा तर अनाब-ए-शाहीचाच निवडलेला अवतार. ज्याच्या स्वतःच्या रसाला वाइनसाठी पुरेशी साखर नाही, त्याच्या संततीत ती आली. उद्या तापमान वाढेल, पाऊस लहरी होईल, तेव्हा कोणत्या वेलीतील कोणते जनुक कामास येईल हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच जुना वाण राखून ठेवायचा असतो.

मोरचूद, पितळ आणि यकृत

केवड्यावरील औषधाची गोष्ट आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या अंगणात येऊन पोहोचते. फ्रान्समधील बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आले आणि १८८५ साली बोर्डो मिश्रण जगापुढे आले. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. आजही आपल्या बागांत ते वापरले जाते. १९६०च्या दशकात पोर्तुगालमध्ये हे मिश्रण वर्षानुवर्षे फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबे साचून विकार झाल्याचे आढळले. तेव्हा बाजारातून आणलेले द्राक्ष वाहत्या पाण्यात नीट धुऊनच खावे, आणि फवारणी करणाऱ्याने नाकातोंडावर आवरण घ्यावे, हे सांगणे डॉक्टरचे कामच आहे.

तांब्याचा दुसरा धागा बेगम बाजाराच्या भांडी-गल्लीतून जातो. आमच्या आधीच्या पिढीतील बालरोगतज्ज्ञांनी एक ते तीन वर्षांच्या बालकांत दगडासारखे कठीण झालेले यकृत पाहिले. भारतीय बालयकृतकाठिण्य असे त्या प्राणघातक रोगाचे नाव. पुण्यातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. टॅनर यांनी १९८३ साली त्याचा संबंध पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत तापवलेल्या व साठवलेल्या दुधाशी जोडून दाखविला. दुधातील केसिन तांबे धरून ठेवते आणि ते बालकाच्या यकृतात साचते. पुढे ऑस्ट्रियाच्या तिरोल या आल्प्समधील प्रदेशातही अगदी हाच रोग असल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. १९०० ते १९७४ या काळात तेथे १३८ बालके त्याला बळी पडली होती आणि तेथेही कारण तेच, कल्हईविना तांब्याच्या भांड्यातील दूध. भांडी बदलली आणि दोन्हीकडे रोग ओसरला. आज ‘पारंपरिक’ म्हणून पितळ-तांब्याची भांडी पुन्हा मानाने स्वयंपाकघरात येत आहेत. ती जरूर घ्यावीत, पण बाळाचे दूध त्यांत तापवू नये आणि कल्हई बघूनच घ्यावे. जुने ते सगळे राखावे असे नव्हे. काय राखायचे हे तपासून ठरवावे.

दवाखान्यातील चार गोष्टी

द्राक्षाचा आणि आमचा रोजचा संबंध येतो तो आज्यांच्या प्रश्नांतून. “डॉक्टर, नातू अगदी फिक्का दिसतो, रात्री दहा मनुका भिजवून सकाळी देते, रक्त वाढेल ना?” या प्रश्नात माया आहे, पण हिशेब चुकतो. दहा मनुका म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम. आपल्या आहारतक्त्यांतील सढळ आकडा धरला, तरी त्यांतून अर्धा मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. याच शहरातील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला आठ मिलिग्रॅम लोह लागते. मनुका खाऊ म्हणून द्या, औषध म्हणून नको. फिक्क्या मुलाचे रक्त तपासा, लोहाचे औषध द्या, आहारात डाळी, पालेभाज्या, बाजरी, आणि चालत असेल तर अंडी-मांस वाढवा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मनुकांचे पाणीही नको. आईचे दूध पुरे.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची. पाच वर्षांखालील मुलाला अख्खे द्राक्ष कधीही देऊ नये. मणी गोल, गुळगुळीत आणि नेमका लहान श्वासमार्गाच्या मापाचा असतो. अडकला की हवेला फटही राहत नाही. द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात, बिया काढाव्यात आणि मूल बसलेले असतानाच द्यावे. एक वर्षाखालील बाळाला ठसका लागून श्वास कोंडला, तर पालथे धरून पाठीवर पाच थापा आणि उताणे करून छातीवर पाच दाब हा क्रम घरातल्या प्रत्येकाला यावा.

तिसरी गोष्ट दम्याच्या मुलांची. सोनेरी बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी दिली जाते. काही दमेकरी मुलांना सल्फाइटने त्रास होतो. बेदाणे खाल्ल्यावर खोकला उठतो, असे आई सांगते तेव्हा तो तिच्या मनाचा खेळ समजू नये.

चौथी गोष्ट ब्रँडीची. थंडी-सर्दीत बाळाला थेंबभर ब्रँडी चाटवण्याची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. ब्रँडी हा द्राक्षाचाच अर्क असला, तरी तान्ह्याचे यकृत मद्य हाताळू शकत नाही; रक्तातील साखर घसरून झटके येऊ शकतात. येथे तडजोडीला जागा नाही.

काय करता येईल

राजेंद्रनगरच्या द्राक्ष संशोधन केंद्रात अनेक वाणांच्या वेली जतन केलेल्या आहेत. आज हे केंद्र श्री कोंडा लक्ष्मण तेलंगणा राज्य उद्यानविद्या विद्यापीठाकडे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड लागतात, तेव्हा आपल्या संस्थेची एक सहल तिकडे जावी, मुलांना घेऊन जावी. एका वेलीला किती जागा लागते, मांडव कसा असतो, छाटणी का करतात हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळेल. ज्यांच्या घराला अंगण किंवा गच्ची आहे, त्यांनी रोपवाटिकेतून खात्रीची काडी आणून एक वेल लावावी. ती चार पैसे मिळवून देणार नाही. केवड्याशी झगडावेही लागेल. पण दर घरामागे एक वेल म्हणजे त्या एकाच जिवाचा आणखी एक सुरक्षित देह.

आणि बाजारात कधी बी असलेले, लांबट, अंबरी रंगाचे द्राक्ष दिसले, तर भाव न करता किलोभर घ्यावे. मागणी असली तरच कोणी तरी मांडव उभा ठेवील. बी थुंकण्याचे कष्ट आपल्या आजोबांनी आनंदाने केले होते. आपल्या नातवंडांना ते शिकवायला फारसा वेळ लागणार नाही. पाच वर्षांची होईपर्यंत मात्र फोडी करूनच द्याव्यात.